गर्द रानातले पक्षी आणि अपुरा उजेड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पक्षी छायाचित्रणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुसंख्य पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आहेत आणि शब्द निरनिराळे असले तरी त्यांतील अडचण जवळपास एकच आहे : माळावर, नदीकाठी किंवा तलावावर फोटो चांगले येतात, पण कोयनेच्या, चांदोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या झाडीत शिरले की पक्षी डोळ्यांना दिसतो, फोटोत मात्र येत नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचा एकेक प्रश्न केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची, एफ/५-६.३ (छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितके छिद्र मोठे) अशी लेन्स आहे. कृष्णाकाठी आणि शेताच्या बांधावर काढलेले फोटो समाधानकारक येतात. कोयनेजवळील नवजा परिसरातील झाडीत मात्र फोटो एकतर काळे येतात किंवा हललेले येतात. आयएसओ (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) वाढवला की दाणे येतात, म्हणून मी तो ८०० च्या वर नेत नाही. याहून महाग कॅमेरा घेण्याला पर्याय नाही का? (एक वाचक, कराड)

कॅमेरा बदलण्यापूर्वी रानात नेमका किती उजेड असतो, हे आकड्यांत पाहणे उपयोगाचे ठरेल. कारण आपला डोळा या बाबतीत आपल्याला पूर्णपणे फसवतो. उन्हातून झाडीत शिरल्यावर काही मिनिटांत डोळा सरावतो आणि "तसा बराच उजेड आहे" असे वाटू लागते. सेन्सरला असे सरावता येत नाही. स्वच्छ उन्हात बसलेल्या पक्ष्याचा फोटो आपल्या लेन्सने एफ/६.३ आणि आयएसओ १०० वर काढला, तर साधारण १/८०० सेकंद इतका वेगवान शटर मिळतो. ढगाळ सकाळी, अंजनी-जांभळाच्या गर्द छायेत तोच उजेड आठ स्टॉपने कमी झालेला असू शकतो. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणजे आठ स्टॉपला तो २५६ पटींनी घटतो. अशा ठिकाणी आयएसओ ८०० आणि एफ/६.३ ठेवल्यास योग्य एक्स्पोजरसाठी (फोटो पुरेसा उजळ येण्यासाठी) शटर साधारण १/२५ सेकंदावर येतो. ६०० मिमीची लेन्स हातात धरून १/२५ सेकंदावर स्पष्ट फोटो मिळणे हा केवळ योगायोग असतो. आपले हललेले फोटो याच गणितातून आलेले आहेत आणि काळे फोटोही त्यातूनच. फरक इतकाच, की काळ्या फोटोंच्या वेळी आपण शटर वेगवान ठेवला आणि उजेडाची तूट तशीच राहू दिली.

आता दाण्यांविषयी. आयएसओ वाढवल्यामुळे दाणे येतात, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. दाण्यांचे मुख्य कारण आयएसओचा आकडा हे नसून सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचा तुटवडा हे आहे. अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा फरशी ठिपक्याठिपक्यांची दिसते आणि चांगली सर येऊन गेली की ती सर्वत्र सारखी ओली होते. प्रकाशाचे कणही सेन्सरवर असेच विखरून पडतात. ते थोडे असतील तर शेजारच्या दोन बिंदूंत मोठा फरक पडतो आणि तोच आपल्याला दाण्यांच्या रूपात दिसतो. प्रकाश चौपट मिळाला तर दाणे, चित्राच्या मानाने, निम्मे होतात. आयएसओ कमी ठेवल्याने प्रकाशाचा एकही कण वाढत नाही. उलट आयएसओ ८०० वर काळा आलेला फोटो नंतर संगणकावर तीन स्टॉप उजळला, तर जुन्या पिढीतील अनेक कॅमेऱ्यांत तो आयएसओ ६४०० वर थेट काढलेल्या फोटोपेक्षा खराब दिसतो; अलीकडच्या कॅमेऱ्यांत फार तर त्याच्या बरोबरीला येतो. मग आयएसओ दाबून धरण्यात लाभ कोणता?

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, शटर आपण ठरवावा आणि आयएसओ ऑटोवर सोडून द्यावा. त्याची कमाल मर्यादा ६४०० आणि अगदी गरज पडल्यास १२८०० ठेवावी. वरच्याच उदाहरणात आयएसओ ६४०० केल्यास शटर १/२०० सेकंद मिळतो आणि बसलेल्या पक्ष्याला तो बहुतेक वेळा पुरतो. दाणे असलेला स्पष्ट फोटो नंतर सुधारता येतो. हललेला फोटो कोणत्याही साधनाने पूर्ववत होत नाही. फोटो नेहमी रॉ स्वरूपात (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) घ्यावेत, कारण पुढची सारी सुधारणा त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातात आहे, आणि ती खर्चाची नाही. दूरच्या लहान पक्ष्याचा फोटो नंतर कापून मोठा केला, की दाणेही त्याच प्रमाणात मोठे होतात. निम्म्या अंतरावरून टिपलेला तोच पक्षी चौकटीत चौपट जागा व्यापतो आणि मग आयएसओ ६४०० सुद्धा खटकत नाही. हे अंतर कमी करायचे ते पक्ष्याच्या मागे चालत जाऊन नव्हे, तर तो वारंवार जेथे येतो ती फांदी, ओहळ किंवा फळलेला उंबर हेरून, आधीच बसून राहून. माझ्या मते अपुऱ्या उजेडातील छायाचित्रणाचे निम्म्याहून अधिक यश या बसून राहण्यातच आहे आणि आलेल्या पत्रांत नेमका त्याचाच उल्लेख कोठे आढळत नाही.

प्रश्न : पक्ष्यांसाठी शटर १/१००० सेकंदाहून कमी ठेवूच नये, असे सांगितले जाते. झाडीत तो किती खाली नेता येईल? (एक वाचक, पाटण)

१/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर उडत्या पक्ष्यांसाठी आहे. दाट झाडीत उडता पक्षी टिपण्याचा हट्ट, निदान सुरुवातीला, सोडून द्यावा. बसलेल्या पक्ष्याबाबत दोन हालचाली वेगळ्या ओळखाव्यात : एक आपल्या हाताची आणि दुसरी पक्ष्याची. पहिलीवर उपाय आहे. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण, मोनोपॉड (एका पायाचा आधार), गुडघ्यावर किंवा दगडावर टेकवलेली कोपरे, ज्वारी किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी यांपैकी जे जमेल ते वापरून हाताची हालचाल १/१०० सेकंदापर्यंत आटोक्यात आणता येते आणि सराव असल्यास त्याच्याही खाली जाता येते. पक्ष्याच्या हालचालीवर मात्र स्थिरीकरणाचा काहीही परिणाम होत नाही. शिंपी, वटवट्या यांच्यासारखे सतत फांद्या बदलणारे पक्षी १/५०० सेकंदाखाली क्वचितच साधतात. उलट कर्णा पक्षी एका फांदीवर कितीतरी वेळ निश्चल बसून राहतो. त्याच्यासाठी १/६० सेकंदही पुरतो.

या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या पक्ष्यांचा स्वभाव पाहावा लागतो. टिकेलचा निळा माशीमार आडव्या डहाळीवर येऊन बसतो, शेपटी किंचित हलवतो, मान एका बाजूला वळवतो आणि मग क्षणभर अगदी स्तब्ध होतो. पुढच्याच क्षणी तो कीटकावर झेपावतो. तो स्तब्ध क्षण हा आपला फोटो. गाणारा पक्षी चोच उघडतो तेव्हा गळा आणि छाती थरथरत असतात. दोन ताना घेण्यामधल्या विरामात तो स्थिर असतो. हे ध्यानात आले, की बटण दाबण्याची वेळ आपोआप बदलते. बटण दाबताना कॅमेरा किंचित हलतो, म्हणून चार-पाच फोटोंचा लहान बर्स्ट (सलग मालिका) घ्यावा. पहिल्या फोटोपेक्षा मधले फोटो बहुधा अधिक स्पष्ट निघतात. आधी १/२५० वर दोन-चार फोटो घेऊन ठेवावेत. पक्षी बसूनच राहिला तर १/१२५ आणि मग १/६० असे उतरत जावे, म्हणजे आयएसओही त्या प्रमाणात उतरतो आणि हाती काहीच न लागण्याचा धोका राहत नाही.

प्रश्न : ओढ्याच्या कडेला स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर टिपला, पण त्याचे अंग सपाट पांढऱ्या कागदासारखे आले. त्याच ठिकाणी शीळकरी कस्तुराचा फोटो मात्र राखाडी आणि निस्तेज आला. उजेड तोच होता, मग दोन्ही बिघडले कसे? (एक वाचक, वाई)

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चौकटीतील सगळा उजेड मध्यम राखाडी छटेवर आणू पाहतो आणि तुमचे दोन्ही फोटो त्याच एका सवयीमुळे बिघडले आहेत. अंधाऱ्या घळीत स्वर्गीय नर्तक चौकटीचा अगदी लहान भाग व्यापतो आणि उरलेला सगळा भाग काळोखी असतो. कॅमेरा तो काळोख उजळू पाहतो. काळोख थोडा उजळतो, पण त्याबरोबर पांढरा पक्षी मर्यादेपलीकडे जातो आणि त्याच्या पाठीवरील व लांब शेपटीवरील पिसांच्या काळ्या बारीक कडा पुसल्या जातात. एकदा जळालेला पांढरा भाग रॉ फाइलमधूनही परत आणता येत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो ठरवून गडद किंवा उजळ करण्याची सोय) उणे १ वर न्यावे, पक्षी चौकटीत फारच लहान असेल तर उणे १.७ पर्यंतही न्यावे, आणि जळालेला भाग लुकलुकत दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात सुरू ठेवावी. शेपटीवर लुकलुक दिसली नाही म्हणजे पांढऱ्यात तपशील शिल्लक आहे. मागील झाडी अगदी काळी दिसेल. ती तशीच दिसू द्यावी. ज्या ऑटो आयएसओची शिफारस वर केली आहे, त्याच्यासोबतही बहुतेक अलीकडच्या कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशन चालते. आपल्या कॅमेऱ्यात ते चालते का, हे घरीच तपासून ठेवावे.

कस्तुराची गोष्ट याच्या उलट दिसते. उपाय मात्र पुष्कळदा तोच असतो. गडद निळा-काळा पक्षी ओल्या काळ्या खडकावर बसलेला असतो आणि कॅमेरा त्या सगळ्या काळ्याचा राखाडी करून टाकतो. येथेही उणे कॉम्पेन्सेशनच हवे. हाच पक्षी फेसाळ पाण्यासमोर बसला, तर मात्र पाण्याच्या पांढऱ्यामुळे कॅमेरा फोटो काळवंडवतो आणि अधिक १ करावे लागते. म्हणजे पक्ष्याचा रंग जितका महत्त्वाचा, तितकीच त्याच्यामागे काय आहे हीसुद्धा महत्त्वाची बाब आहे.

कस्तुराच्या निस्तेज रंगाला आणखी एक कारण आहे. त्याच्या कपाळावरील आणि खांद्यांवरील झळाळता निळा रंग, उजेड तिरपा पडला तरच दिसतो. डोक्यावरून येणाऱ्या मंद उजेडात तो पक्षी जवळजवळ काळाच असतो. ओढ्याच्या ज्या बाजूने आभाळ मोकळे दिसते, ती बाजू आपल्या पाठीमागे किंवा खांद्याकडे येईल असे बसावे आणि पक्षी मान वळवीपर्यंत थांबावे. कपाळावरची ती निळी पट्टी एकदम उजळते आणि मान पुन्हा वळताच विझते. फोटो घेण्यासारखी वेळ एवढीच असते.

प्रश्न : झाडीत कॅमेऱ्याचा फोकस पुढे-मागे शोधत राहतो आणि तो जुळेपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. (एक वाचक, मिरज)

डीएसएलआरमधील ऑटोफोकस उजेड आणि गडद यांच्यातील फरकावर काम करतो. मंद उजेडात हा फरक क्षीण होतो, त्यात एफ/६.३ची लेन्स फोकसच्या यंत्रणेला प्रकाशही कमी पुरवते. कॅमेरा अमुक इतक्या अंधारातही फोकस करतो, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते; तो आकडा बहुधा एफ/२.८ किंवा त्याहून उघड्या लेन्सवर मोजलेला असतो. म्हणून अपेक्षा बेताची ठेवावी आणि यंत्रणेला शक्य तितकी मदत करावी.

बहुतेक कॅमेऱ्यांत मधला फोकस बिंदू सर्वांत सक्षम असतो. झाडीत तोच एकटा निवडावा, म्हणजे समोरची पाने फोकस पळवणार नाहीत. हा बिंदू पक्ष्याच्या सपाट पोटावर न ठेवता जेथे दोन छटा भेटतात तेथे ठेवावा : डोळ्याची कडा, पंखावरची पट्टी, दयाळाच्या काळ्या-पांढऱ्याची सीमा. लेन्सवर फोकसचे अंतर मर्यादित करणारी कळ असेल तर ती वापरावी, म्हणजे फोकस अगदी जवळपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ दवडणार नाही. पक्षी जेथे येण्याची शक्यता आहे, त्या अंतरावरील एखाद्या खोडावर आधीच फोकस करून ठेवला तर पक्षी आल्यावर थोडासाच फरक जुळवावा लागतो. फोकस बटणाच्या अर्ध्या दाबावरून काढून मागच्या बटणावर घेण्याची सवय या कामात फार उपयोगी पडते. एकदा फोकस जुळला की अंगठा उचलावा आणि कॅमेऱ्याला पुन्हा शोधाशोध करू देऊ नये.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) झाडीत लावू नये. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि दुपटीचा दोन स्टॉप उजेड खातो. आपल्याकडे मुळात तोच नाही. फोकसला साहाय्य करणारा कॅमेऱ्यावरील दिवाही बंद ठेवावा, कारण त्याने पक्षी बिचकतो. मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे मुख्य सेन्सरवरच फोकस करतात आणि त्यांतील बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असते, एफ/६.३च्या लेन्ससोबत ते झाडीत अधिक भरवशाचे ठरतात, हे मान्य करायला हवे.

प्रश्न : मग एफ/४ किंवा एफ/२.८ची मोठी लेन्स घ्यावी काय? (एक वाचक, विटा)

एफ/६.३ वरून एफ/४ वर आल्यास प्रकाश साधारण अडीचपट मिळतो, एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आल्यास चौपट. लाभ खरा आहे. त्याची किंमत लाखांत मोजावी लागते आणि वजन चढणीवर खांद्याला जाणवते. वर सांगितलेले सर्व अंगवळणी पडल्यानंतरही अडचण उरली, तरच या खर्चाचा विचार करावा. तोवर वापरलेली ३०० मिमी एफ/४ लेन्स चांगल्या स्थितीत मिळाली तर ती झाडीत उत्तम काम देते, कारण झाडीतला पक्षी बहुधा दूर नसतोच.

प्रश्न : फोटो संगणकावर उजळल्यावर दाणे आणि एक हिरवट झाक दिसते. ती कशी घालवावी? (एक वाचक, सांगली)

हिरवट झाक ही दोष नसून वस्तुस्थिती आहे : पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून परतलेला उजेड हिरवाच असतो. आपला मेंदू तो वजा करतो, कॅमेऱ्याला ते नीट जमत नाही. रॉ फाइलमध्ये टिंटची पट्टी हिरव्याकडून किरमिजीकडे थोडी सरकवावी आणि त्यासाठी पक्ष्याच्या अंगावरील पांढरा किंवा राखाडी भाग प्रमाण मानावा; बुलबुलाच्या बुडाखालचा लाल किंवा हळद्याचा पिवळा रंग प्रमाण मानू नये, कारण रंगीत भागावरून झाक ओळखता येत नाही. झाक पूर्णपणे काढू नये. थोडी हिरवी छाया राहिली तर चित्र रानातले वाटते.

दाण्यांसाठी अलीकडे फार चांगली साधने आली आहेत. लाइटरूममध्ये २०२३ पासून डीनॉइजची स्वतंत्र सोय आहे, डीएक्सओची प्युअररॉ आहे, आणि खर्च करायचा नसेल तर डार्कटेबल हे विनामूल्य सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या प्रोफाइलनुसार दाणे कमी करते. आधी दाणे कमी करावेत आणि धार नंतर द्यावी; क्रम उलटला तर दाण्यांनाच धार येते. प्रमाण ठरवताना पक्ष्याच्या छातीवरील बारीक पिसे शंभर टक्के आकारात पाहावीत. पिसे मेणासारखी गुळगुळीत दिसू लागली की आपण पुढे गेलो आहोत, असे समजून मागे यावे. पार्श्वभूमीवर अधिक आणि पक्ष्यावर कमी, असे वेगवेगळे प्रमाण ठेवता आले तर सर्वांत चांगले.

येथे माझे एक आग्रहाचे मत नोंदवतो. स्पर्धांना आणि प्रदर्शनांना येणाऱ्या अनेक फोटोंत सावल्या इतक्या उपसलेल्या असतात, की पहाटेचे गर्द रान भर दुपारच्या बागेसारखे दिसते. हा त्या पक्ष्यावर आणि त्या जागेवर अन्याय आहे. कस्तूर, कर्णा, नवरंग, पाचू कवडा हे छायेत राहणारे पक्षी आहेत; त्यांच्याभोवतीचा काळोख हा त्यांच्या घराचा भाग आहे. पक्ष्याचा डोळा, चोच आणि पिसांचा पोत दिसला की काम झाले. उरलेल्या चौकटीत गडदपणा राहू द्यावा. असे केल्याने दाणेही आपोआप कमी दिसतात, कारण ते सर्वाधिक असतात ते उपसलेल्या सावल्यांतच.

प्रश्न : पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शिराळा भागात नवरंग येतो. त्याचे घरटे सापडल्यास तेथे फ्लॅश वापरावा काय? उजेड मुळीच नसतो. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला मोकळ्या जागेत आणणे योग्य आहे काय? (एक वाचक, शिराळा)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. घरटे अंधाऱ्या जागी असते, कारण पक्ष्याने ती जागा लपण्यासाठीच निवडलेली असते. फोटोसाठी तेथील दोन पाने किंवा एखादी डहाळी बाजूला केली, तर उजेड जसा आपल्याला मिळतो तशी वाट कावळ्याला, भारद्वाजाला आणि सापालाही मिळते. छायाचित्रकार तासाभराने निघून जातो. उघडे पडलेले घरटे तसेच राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे, हे ध्यानात घ्यावे. घरट्याचा फोटो घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. आणि ते सापडले तर ठिकाण कोणाला सांगूही नये.

आवाज लावल्याने नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून धावून येतो. विणीच्या काळात त्याचा जो वेळ अन्न शोधण्यात आणि घरटे राखण्यात जायचा, तो नसलेल्या शत्रूला हुडकण्यात जातो. एकाने असे केले तर कदाचित निभावेल. परंतु प्रसिद्ध जागी रोज कोणी ना कोणी हेच करतो. घुबड, रातवा, बेडूकतोंड्या अशा निशाचर पक्ष्यांवर फ्लॅश किंवा प्रखर बॅटरी रोखणेही तितकेच गैर आहे. त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि त्याच डोळ्यांवर त्यांचे रात्रीचे अन्न अवलंबून असते.

नवरंगासाठी एक साधा मार्ग आहे. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला स्वतःहूनच दोन सुरांची शीळ देतो आणि खाली पालापाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. शीळ ऐकू आल्यावर तिच्या दिशेने न जाता, वाटेच्या कडेला खाली बसून, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून वाट पाहावी. तो येईल किंवा येणारही नाही. आला तर १/६० किंवा १/८० सेकंद, लेन्स पूर्ण उघडी आणि जमिनीवर टेकवलेली पिशवी एवढ्यावर फोटो मिळतो, कारण तो दोन उड्यांच्या मध्ये चांगला थबकतो.

प्रश्न : आमच्या दोन जिल्ह्यांत झाडीतील पक्ष्यांसाठी उजेडाच्या दृष्टीने कोणते महिने आणि कोणत्या जागा योग्य? (एक विद्यार्थिनी, सातारा)

महाबळेश्वर आणि कोयनेचे रान बहुतांशी सदाहरित व निमसदाहरित आहे. जांभूळ, अंजनी यांची पाने एकदम गळत नाहीत, त्यामुळे तेथे वर्षभर गर्द छाया असते. सागरेश्वर अभयारण्य आणि मिरजेजवळील दंडोबाचा डोंगर यांची गोष्ट निराळी. तेथील झाडी कोरड्या मुलखातली आहे. उन्हाळ्याकडे ती विरळ होते आणि उजेड थेट खाली उतरतो. सरावाची सुरुवात तेथे करावी. त्याहीआधी घराजवळच्या आंब्याखाली किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात दयाळ आणि बुलबुल टिपून पाहावेत. आयएसओ ६४०० ची भीती तेथेच जाते.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मला सर्वांत उपयुक्त वाटतो. पांगारा, पळस आणि काटेसावर या काळात निष्पर्ण होऊन फुलतात आणि एरवी गर्द पानांत दडणारे कोतवाल, पर्णपक्षी, हळद्या, सूर्यपक्षी मधासाठी उघड्या फांद्यांवर येतात. उजेडाकडे पक्षी स्वतः चालून येण्याचे हे दिवस आहेत. रानाच्या कडेला, पाणवठ्याजवळ किंवा रस्त्याने झाडीत पडलेल्या खिंडारापाशी फुललेले असे एखादे झाड हेरून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत उंबर आणि पाणवठे हेच काम करतात.

कोयनेच्या खोऱ्याविषयी एक बारकावा सांगतो. महाबळेश्वरहून निघालेली कोयना हेळवाकपर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि तेथे पूर्वेला वळते. त्यामुळे या लांब खोऱ्यात पूर्वेकडील डोंगररांग सकाळचे ऊन बराच वेळ अडवून धरते आणि पहिले ऊन पडते ते पश्चिमेकडील, म्हणजे पूर्वाभिमुख उतारांवर. सकाळी या उतारांच्या कडेने बसावे आणि दुपारनंतर खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जावे. धुके असेल तर घाई करू नये. विरळ होत जाणारे धुके उजेड सर्वत्र सारखा पसरवते आणि पांढरी पिसे जळू देत नाही.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात प्रवेशासाठी परवानगी लागते आणि पावसाळ्यात पर्यटन बंद ठेवले जाते, म्हणून निघण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. पावसाळी दमट हवेतून परतल्यावर लेन्स लगेच बॅगेत बंद करू नये. कोरड्या कापडाने पुसून, घरात मोकळ्या हवेत वाळू द्यावी आणि मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि अशा हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. बुरशीने फोटोतील धार आणि छटांमधला फरक आधी कमी होतो. मंद उजेडात ऑटोफोकसचा सारा भरवसा याच फरकावर असतो, त्यामुळे फोकस विनाकारण डळमळू लागला तर लेन्स बॅटरीच्या उजेडासमोर धरून आतली काच एकदा तपासावी.